काल्पनिक युद्धनौका रेखाटताना: आधी उंची वाटा, मग तोफा

नवख्याने कागदावर काढलेली पहिली युद्धनौका दिवाळीच्या किल्ल्यासारखी असते. जागा दिसली की मावळा, कोपरा दिसला की तोफ. पुढे दोन तोफा, मागे एक, मध्ये क्षेपणास्त्रांच्या नळ्या, छपरावर चार गोल घुमट आणि सगळ्यात वर मोठं फिरतं रडार. दिसायला झकास. मात्र त्यातली अर्धी शस्त्रं एकमेकांच्या तोंडासमोर आलेली असतात, रडारला आपलंच धुराडं दिसत असतं आणि जहाज पाण्यात सोडलं तर पहिल्याच वळणाला कलंडेल की काय अशी शंका येते. मीही अशी जहाजं वह्या भरभरून काढली आहेत.

कादंबरीसाठी, खेळासाठी, मॉडेलसाठी किंवा निव्वळ हौस म्हणून जे स्वतःची युद्धनौका रेखाटू पाहतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. जहाज काल्पनिक असलं तरी समुद्र, पृथ्वीची गोलाई आणि वजन काल्पनिक नसतं. शस्त्रांची यादी करणं सोपं काम आहे. युद्धनौकेवर टंचाई असते ती उंचीची, मोकळ्या आकाशाची आणि डेकच्या लांबीची. या तीन गोष्टी कुणाला किती द्यायच्या, त्यावर बाकीचं सगळं ठरतं.

उदाहरणादाखल एक जहाज घेऊ. नाव ‘सरखेल’, कान्होजी आंग्र्यांच्या आरमारप्रमुखाच्या हुद्द्यावरून. फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका), १४० मीटर लांब, १७ मीटर रुंद, वजन ५,००० टन. आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटरला ५ मीटर असं प्रमाण धरलं तर ते २८ सेंटिमीटर होतं आणि आडव्या ए-फोर कागदावर बरोबर बसतं. दोन चित्रं हवीत: एक बाजूने, एक वरून. वरून काढलेलं चित्र बहुतेक जण टाळतात, आणि सगळ्या चुका नेमक्या तिथेच उघड्या पडतात.

पहिली पायरी: शस्त्रांना हात लावू नका

आधी इंजिनं कुठे आहेत ते ठरवा. अवजड यंत्रं साधारण जहाजाच्या मधल्या भागात, खाली बसतात. त्यांच्या वर धुराडं येणार, आणि धुराड्याशेजारी हवा आत घेणारी मोठी जाळीदार तोंडं. गॅस टर्बाइनचा धूर काही शे अंश तापलेला असतो. त्या झोतात अँटेना, केबल किंवा माणूस ठेवता येत नाही. त्यानंतर हेलिकॉप्टरचा डेक आणि हँगर, ते बहुधा पिछाडीला. मग बोटी, क्रेन, नांगर. ही सगळी कंटाळवाणी मंडळी आधी बसवली की शस्त्रांना खरोखर किती जागा उरते ते कळतं. उरते ती फारच थोडी.

धुराडं आणि मास्ट (रडार-अँटेनांची डोलकाठी) यांचं भांडण जुनं आहे. १९०६ साली ब्रिटिश नौदलाने ‘ड्रेडनॉट’ उतरवली आणि जगातल्या सगळ्या युद्धनौका एका रात्रीत जुन्या ठरल्या, असं म्हणतात. त्याच जहाजावर पुढची डोलकाठी पहिल्या धुराड्याच्या मागे होती. गोळा कुठे पडतोय ते बघायला माणसं त्या काठीवरच्या माचीत बसायची. जहाज पुढे चाललं की धुराड्याची आच आणि धूर थेट त्यांच्या तोंडावर. जगातलं सगळ्यात आधुनिक जहाज, आणि त्याचे डोळे धुरात!

तेव्हा मुख्य मास्ट धुराड्याच्या पुढे. ‘सरखेल’वर मी नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, ४८ मीटरवर ब्रिजची (जिथून जहाज चालवतात त्या खोलीची) भिंत, ५५ मीटरवर मास्ट आणि ७५ ते ८२ मीटरच्या दरम्यान धुराडं धरलं आहे. हँगर १०० ते ११५, आणि तिथून शेवटपर्यंत हेलिकॉप्टरचा डेक.

दुसरी पायरी: उंचीची वाटणी

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, पृथ्वी मात्र वाकलेली आहे. समुद्राला चिकटून येणारं क्षेपणास्त्र क्षितिजाआड असतं तोवर कितीही ताकदीचं रडार आणा, ते दिसणार नाही. ढोबळ हिशेब असा: रडारची उंची मीटरमध्ये घ्या आणि तिचं वर्गमूळ काढा. लक्ष्याच्या उंचीचंही वर्गमूळ काढा. दोन्हींची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

समजा क्षेपणास्त्र पाण्यावरून ५ मीटरवर येतंय. रडार १६ मीटरवर असेल तर ते सुमारे २५.७ किलोमीटरवर दिसेल. रडार ३२ मीटरवर चढवलं, म्हणजे उंची दुप्पट केली, तर ३२.५ किलोमीटर. उंची दुप्पट होऊनही अंतर दुप्पट होत नाही, कारण मध्ये वर्गमूळ आहे. पण ते वरचे सात किलोमीटर म्हणजे वेळ. ध्वनीपेक्षा थोडं हळू, सेकंदाला ३०० मीटरने येणाऱ्या क्षेपणास्त्राला सात किलोमीटर कापायला २३ सेकंद लागतात. सेकंदाला ९५० मीटरने येणाऱ्याला सातच. पहिल्या बाबतीत माणसाला विचार करता येतो. दुसऱ्या बाबतीत यंत्रानेच निर्णय घेतलेला बरा.

आता हाच हिशेब उंचावरच्या विमानासाठी करा. विमान १०,००० मीटरवर आहे. रडार २० मीटरवर ठेवलं तर क्षितिज ४३० किलोमीटर, ३० मीटरवर ठेवलं तर सुमारे ४३५. दहा मीटर चढून मिळाले चार-पाच किलोमीटर, तेही सव्वाचारशेत. म्हणजे लांबचं आकाश बघणाऱ्या मोठ्या रडारला उंचीचा फायदा जवळजवळ नाहीच. नवखा नेमकं तेच रडार सगळ्यात वर बसवतो, कारण ते सगळ्यात मोठं आणि सगळ्यात रुबाबदार असतं.

लहरींची लांबीही याच बाजूने बोलते. लांब पल्ल्याची रडारं बहुधा एल-बँडवर चालतात, तिथे लहर सुमारे २३ सेंटिमीटरची. बारीक नेम धरणारी रडारं एक्स-बँडवर, लहर सुमारे ३ सेंटिमीटर. झोत जितका अरुंद हवा आणि लहर जितकी लांब, तितकी अँटेना मोठी. तोच टोकदारपणा एल-बँडवर हवा असेल तर एक्स-बँडच्या सात-आठपट रुंद अँटेना लागेल. याचा सरळ अर्थ असा की मोठं, जड आणि लांब बघणारं रडार खाली व मागे, तर छोटं, हलकं आणि क्षितिज राखणारं वर.

खऱ्या जहाजांवर हेच दिसतं. ब्रिटिश टाइप ४५ विनाशिकेचा पुढचा मास्ट उंच मनोऱ्यासारखा आहे आणि त्याच्या टोकाशी सॅम्पसन रडारचा गोळा. लांब पल्ल्याचं काळं, रुंद एस१८५०एम रडार मात्र मागे, बरंच खाली. मुंबईत माझगाव डॉकने बांधलेल्या ‘कोलकाता’ वर्गाच्या विनाशिकांवरही पुढच्या मास्टवर एमएफ-स्टार या रडारचे चार सपाट फलक आहेत आणि लांब पल्ल्याचं फिरतं रडार मागच्या, बुटक्या मास्टवर. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलात आणि डॉकमध्ये एखादी विनाशिका उभी असली, तर पुढचा मास्ट उंच आणि मागचा बुटका का, याचं उत्तर आता तुमच्याकडे आहे. फोटो मात्र काढू नका, बघून घ्या.

फिरतं की फलकांचं?

फिरतं रडार स्वस्त आणि हलकं. पण मिनिटाला १२ फेऱ्या घेणारं रडार एकाच दिशेकडे दर पाच सेकंदांनी वळतं. तेवढ्यात वेगवान क्षेपणास्त्र पावणेपाच किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. सॅम्पसनला पाठीला पाठ लावून दोन फलक आहेत आणि ते मिनिटाला ३० फेऱ्या घेतं, म्हणजे दर सेकंदाला प्रत्येक दिशेवर नजर.

चार स्थिर फलक लावले तर वाट बघायचा प्रश्नच मिटतो. प्रत्येक फलक ९० अंश सांभाळतो. पण चारांचं वजन, चारांची वीज, चारांना थंड ठेवणं. शिवाय चारही फलकांना आपापल्या बाजूला मोकळं आकाश द्यावं लागतं. अमेरिकेच्या ‘टिकोंडेरोगा’ वर्गावर दोन फलक पुढच्या इमारतीवर आणि दोन मागच्या इमारतीवर विभागले होते. नंतरच्या ‘आर्ली बर्क’ वर्गावर चारही फलक पुढच्या इमारतीवर आणले, आणि मागे बघणारे दोन फलक धुराड्यांच्या कडेने मागे पाहतील असे तिरके बसवले. पुढे त्याच वर्गाच्या नव्या जहाजांना पिछाडीला हेलिकॉप्टरचे हँगर जोडले, तेव्हा मागच्या फलकांसमोर हँगरचं छप्पर आडवं आलं. उपाय म्हणून ते दोन फलक सुमारे अडीच मीटर वर उचलले. एक हँगर हवा म्हणून रडार उचलायचं! एवढ्या मोठ्या, एवढ्या पैशाच्या प्रकल्पातही हे असंच चालतं, तेव्हा तुमच्या वहीत खाडाखोड झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

५,००० टनांच्या ‘सरखेल’ला मी ३० मीटरवर छोटं, झपाट्याने फिरणारं दुहेरी रडार दिलं आणि मागच्या मास्टवर २० मीटरवर एल-बँडचं मोठं. वरच्या हिशेबाने समुद्राला चिकटून येणारं क्षेपणास्त्र सुमारे ३२ किलोमीटरवर दिसेल. हळू असेल तर हाताशी १०६ सेकंद, वेगवान असेल तर ३३. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्या ३३ सेकंदांसाठी आहेत.

तिसरी पायरी: प्रत्येक शस्त्राचं वर्तुळ

वरून काढलेल्या चित्रावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवा. प्रत्येक शस्त्राच्या जागी कोनमापक ठेवून बघा की त्याला कुठून कुठपर्यंत मोकळं दिसतं. नाळेची दिशा शून्य धरा. मोकळा भाग रंगवा, अडलेला कोरा ठेवा. प्रत्येक शस्त्राला वेगळा कागद. शेवटी सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले की कोणत्या दिशेला एकही रंग नाही ते दिसतं. ते तुमचं दिव्याखालचं अंधारं.

याची किंमत काय, ते ‘स्टार्क’ या अमेरिकी फ्रिगेटने मोजली. १७ मे १९८७, पर्शियन आखात. इराकी विमानाने सोडलेली दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं पुढच्या डाव्या अंगाने आली. जहाजाची जवळून मारा करणारी फॅलॅन्क्स तोफ एकच, आणि ती पिछाडीला हँगरच्या छपरावर. शिवाय ती तेव्हा स्टँडबायवर होती. ३७ जण गेले. चूक फक्त मांडणीची होती असं नाही, माणसांच्या निर्णयांचीही होती. पण शेवटच्या क्षणासाठीचं शस्त्र एकच असेल तर त्याच्या पाठीमागे कायम एक उघडी दिशा राहते, आणि जहाज वळवून ते शस्त्र समोर आणायला वेळ लागतो.

म्हणून अशा शस्त्रांची किमान जोडी ठेवा. एक पुढे आणि एक मागे, किंवा एक डावीकडे आणि एक उजवीकडे. ‘कोलकाता’ वर्गावर एके-६३० च्या चार तोफा आहेत, दोन्ही अंगांना दोन-दोन. ‘सरखेल’वर मी एक ब्रिजच्या पुढे, थोडी उंच, आणि दुसरी हँगरच्या छपरावर धरली. दोन्हींची वर्तुळं बाजूंना एकमेकांवर चढतात, म्हणजे बाजूने आलेल्या माऱ्याला दोघी तोंड देऊ शकतात. जहाजाचं बाजूचं अंग सगळ्यात लांब असतं, तेव्हा तिथे दुहेरी राखण असलेली चांगली.

वर्तुळांत स्वतःचीच माणसं येतात का, तेही बघा. २५ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ‘ब्रॉडस्वर्ड’ या ब्रिटिश फ्रिगेटने हल्ला करणाऱ्या विमानांवर सी वुल्फ क्षेपणास्त्रांचा नेम धरला होता. तेवढ्यात शेजारची ‘कॉव्हेंट्री’ वळणं घेत त्याच रेषेत आडवी आली आणि नेम सुटला. ‘कॉव्हेंट्री’ बुडाली, १९ जण गेले. तुमच्या कथेत दोन जहाजं जोडीने लढणार असतील तर त्यांची वर्तुळंही एका कागदावर मांडा.

चौथी पायरी: तोफ आणि उभ्या नळ्या

आजच्या जहाजावर मुख्य तोफ एक, पुढे. दुसरी नको, असं मी ठामपणे सांगेन. पिछाडीची जागा हेलिकॉप्टरची. पुढच्या तोफेला समोर शून्य धरून दोन्ही अंगांना साधारण १४० अंशांपर्यंत मारा करता यावा, एवढा ब्रिज मागे आणि अरुंद ठेवा. तोफ अगदी टोकाशी नेऊ नका. तिथे लाटा फुटतात, आणि खाली दारूगोळ्याला जागा देण्याइतकं जहाज रुंदही नसतं. ‘सरखेल’वर तोफ २२ मीटरवर. ७६ मिलिमीटरची पुरे. ती मिनिटाला १२० गोळे टाकू शकते आणि १२७ मिलिमीटरवाल्या बहिणीपेक्षा कितीतरी हलकी असते.

पुढे रोखलेली तोफ आपल्याकडच्या किनाऱ्याला नवी नाही म्हणा. मराठ्यांच्या आरमारातल्या गुराबांच्या (मोठ्या लढाऊ जहाजांच्या) नाळेशी पुढे मारा करणाऱ्या तोफा असत आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराब ओढून शत्रूच्या मागच्या अंगाला आणत, जिथे त्याच्या तोफा पोचत नाहीत. कोणाचं आंधळं अंग कुठे आहे हे ओळखणं, हीच ती विद्या.

क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्या डेकवर नुसत्या झाकणांच्या चौकोनांसारख्या दिसतात, म्हणून नवखा त्या कुठेही पेरतो. पण त्या खाली खोल जातात. अमेरिकी एमके-४१ नळी तीन मापांत येते: सुमारे ५.३, ६.८ आणि ७.७ मीटर. ब्रह्मोस स्वतःच साधारण ८.४ मीटर लांब. म्हणजे तीन मजले खालपर्यंत त्या जागी दुसरं काही नाही. खोल्या नाहीत, वाट नाही, इंजिन तर नाहीच. म्हणून बाजूच्या चित्रात नळ्या डेकखाली तुटक रेषेने पूर्ण काढा. त्या तळातून बाहेर आल्या तर तुम्हालाच हसू येईल. माझ्या पहिल्या चित्रात आल्या होत्या.

नळ्या दोन गटांत वाटा. एकाच जागी सगळ्या ठेवल्या तर एका घावात सगळ्या जातात. ‘आर्ली बर्क’च्या नव्या जहाजांवर ३२ पुढे आणि ६४ मागे आहेत. ‘सरखेल’वर १६ पुढे, तोफ आणि ब्रिजच्या मध्ये, आणि १६ हँगरच्या जरा पुढे. उभ्या नळीला दिशेची अडचण नसते, क्षेपणास्त्र वर जाऊन वळतं. पण सुटताना आगीचा लोट वर येतो. त्याला शेजारी अँटेना, बोट किंवा खिडकी नको. ब्रिजच्या काचेपासून दोन-पाच मीटर मोकळे सोडा.

नळी आहे म्हणजे नेम आहे असं नाही. काही क्षेपणास्त्रांना शेवटच्या टप्प्यात जहाजावरून रडारचा झोत लक्ष्यावर धरून द्यावा लागतो. अशा जहाजावर नळ्या शंभर असल्या तरी त्या शेवटच्या टप्प्यात एकाच वेळी सांभाळता येणारी लक्ष्यं त्या झोताच्या तबकड्यांएवढीच. ‘आर्ली बर्क’वर अशा तबकड्या तीन आहेत, एक पुढे आणि दोन मागे. बराक-८ सारखी क्षेपणास्त्रं स्वतःचं रडार घेऊन जातात, त्यांना हे लागत नाही. तुमच्या जहाजावर पहिली जात असेल तर तबकड्यांनाही उंची आणि मोकळं आकाश द्या. दुसरी असेल तर ती उंची वाचली.

जहाजांवर मारा करणारी क्षेपणास्त्रं पेटाऱ्यांत ठेवणार असाल तर ते आडवे, ब्रिज आणि धुराड्याच्या मध्ये. अर्धे डावीकडे तोंड करून, अर्धे उजवीकडे. डावीकडे सुटणाऱ्याचा जाळ उजवीकडे समुद्रावर जायला हवा, समोरच्या पेटाऱ्यावर नाही. म्हणून ते जरा मागेपुढे सरकवलेले असतात.

पाचवी पायरी: डोळे झाले, आता कान

रडार ओरडून बघतं, तर दुसरी काही यंत्रं नुसती ऐकतात. शत्रूच्या रडारचा किंवा क्षेपणास्त्राच्या शोधकाचा आवाज पकडणारे हे कान मास्टवर उंच आणि चारही दिशांना उघडे हवेत. त्यांच्या शेजारी आपलाच कर्णा वाजत असेल तर ऐकू कसं येणार? ४ मे १९८२ रोजी ‘शेफिल्ड’ या ब्रिटिश विनाशिकेवर एक्झोसेट आदळलं, तेव्हा जहाज उपग्रहामार्फत बोलत होतं आणि त्या प्रक्षेपणाने तिचे कान झाकोळले होते. २० जण गेले. सहा दिवसांनी, ओढून नेताना, जहाजही गेलं.

उपग्रहाशी बोलणाऱ्या अँटेनांच्या घुमटांची जोडी असते, ती याचसाठी नाही, पण जाता जाता सांगतो: मास्टच्या दोन बाजूंना दोन घुमट ठेवले की जहाज कसंही वळलं तरी एकाला तरी आकाश मोकळं मिळतं. चित्रात एकच घुमट काढला की जाणकार लगेच हसतात.

ताकदवान रडारच्या समोर, त्याच उंचीवर उघडा दारूगोळा किंवा माणसांची ये-जा नको. ब्रिजवरचा पहारेकरी जिथे उभा राहतो ती जागा रडारच्या झोताच्या खाली येते ना, ते बाजूच्या चित्रात पट्टी लावून तपासा.

पाण्याखालचं थोडक्यात. सोनार (आवाजावरून पाणबुड्या शोधणारं यंत्र) नाळेखाली, पंख्यांच्या आवाजापासून लांब. नांगराची साखळी त्या फुगवट्यावर आदळू नये म्हणून नांगर पुढे किंवा बराच बाहेर काढा. पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) नळ्या हँगरजवळ, म्हणजे हेलिकॉप्टरचे पाणतीर आणि जहाजाचे पाणतीर एकाच कोठारातून येतात. शत्रूच्या रडारला फसवायला धातूच्या पट्ट्यांचे चंदेरी ढग सोडणारे लाँचर दोन्ही बाजूंना, कडेला.

सहावी पायरी: वजनाची वही

आता कडू भाग. १६२८ साली स्वीडनची ‘वासा’ ६४ तोफा घेऊन स्टॉकहोमच्या बंदरातून निघाली आणि सुमारे १,३०० मीटर जाऊन बुडाली. निघण्याआधी तीस खलाशांना डेकवर एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे पळवून बघितलं होतं. जहाज इतकं डोलायला लागलं की तीन फेऱ्यांनंतर चाचणी थांबवली, आणि तरी जहाज निघालंच. तीनशे वर्षांनी जपानने तोच धडा पुन्हा गिरवला: छोट्या धडावर मोठी शस्त्रं चढवलेली ‘तोमोझुरु’ ही टॉर्पेडो बोट १२ मार्च १९३४ रोजी वादळात उलटली.

एक वही करा आणि तिच्यात तीन रकाने आखा: वस्तू, वजन टनांत, तळापासूनची उंची मीटरमध्ये. नेमके आकडे नसले तरी चालेल, अंदाज सगळ्यांसाठी एकाच पद्धतीचा असू द्या. ‘सरखेल’चा गुरुत्वमध्य तळापासून ७ मीटरवर धरू. तळापासून ३५ मीटरवर, म्हणजे पाण्यावर ३० मीटर, ६ टनांचं रडार चढवलं तर गुरुत्वमध्य ६ × २८ ÷ ५,००६, म्हणजे सुमारे ३.४ सेंटिमीटर वर सरकतो. तेच रडार दहा मीटर खाली ठेवलं तर सुमारे २.२. आकडे क्षुल्लक वाटतात. पण अशा जहाजाला सरळ ठेवणारी शिल्लक ढोबळमानाने मीटर-दीड मीटरच असते, आणि ‘एवढंच तर आहे’ म्हणून दहा वेळा काही चढवलं की त्यातला एक तृतीयांश मीटर संपतो. एक ना धड, भाराभर चिंध्या ही म्हण जहाज बांधणाऱ्याने काढली नसेल, पण शोभली असती.

वजन वाचवायला वरचं बांधकाम ॲल्युमिनियमचं करायचा मोह होतो. तो अमेरिकेलाही झाला होता. १९७५ साली ‘बेल्कनॅप’ ही क्रूझर ‘केनेडी’ या विमानवाहू जहाजावर आदळून पेटली आणि तिचं ॲल्युमिनियमचं वरचं बांधकाम वितळलं. ‘आर्ली बर्क’ पोलादी झाली ती त्यानंतर.

सातवी पायरी: हल्ला करून बघा

चित्र पूर्ण झालं असं वाटलं की घड्याळ घ्या. एक मित्र किंवा मुलगी समोर बसवा आणि तिला शून्य ते ३६० मधला कोणताही आकडा सांगायला सांगा. त्या दिशेने, पाण्यावरून ५ मीटरवर क्षेपणास्त्र येतंय. कोणत्या रडारला आधी दिसलं? कोणती नळी उघडेल? ते चुकलं तर कोणती तोफ? मध्ये काय आडवं येतंय? मग ‘पुढची तोफ बंद पडली’ असं सांगून पुन्हा तोच आकडा. असे वीस आकडे घेतले की जहाजाची खरी ओळख होते. मुलं यात फार निर्दयी असतात, त्यांना मुद्दाम घ्या.

‘सरखेल’ची परीक्षा झाली तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पहिली, हँगरवरच्या तोफेला पिछाडीकडे सगळं मोकळं होतं, पण हेलिकॉप्टर उतरताना ती वापरता येणार नाही. हे मी तसंच सोडलं, ब्रिजपुढची तोफ बाजूंना मदतीला आहे. दुसरी जास्त त्रासाची: मागच्या मास्टवरचं एल-बँड रडार धुराड्याच्या मागे, ९० मीटरवर येत होतं. टाइप ४५वरही धुराडं दोन रडारांच्या मध्ये आहे, म्हणजे तसं करता येतं. पण माझं रडार धुराड्याच्या तोंडाच्या अगदी रेषेत बसलं होतं. ते २ मीटर वर उचलावं लागलं. ६ टन गुणिले २ मीटर, वहीत १२ टन-मीटर वाढले. बोटीची ५ टनांची क्रेन उगाच वरच्या मजल्यावर ठेवली होती, ती अडीच मीटर खाली मुख्य डेकवर आणली. साडेबारा वजा.